अटॅक आला की स्टिरॉइड: किती दिवस, कुणाला आणि कधी नको

मागच्या अंकात सीओपीडीवर, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन दम लागत राहणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजारावर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीबद्दल होते. त्रास अचानक वाढला, म्हणजे सीओपीडीचा अटॅक आला, की डॉक्टर ज्या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात त्या घ्यायच्या का, किती दिवस घ्यायच्या आणि त्याने पुढे काही होईल का. म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच देतोय. नावं काढून टाकलीत, लांब पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, सीओपीडी बरीच वर्षं आहे. मागच्या अटॅकला त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं होतं १५ दिवस, दर दोन-तीन दिवसांनी डोस कमी करत करत. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी ४० मिलिग्रॅम रोज, फक्त ५ दिवस आणि मग एकदम बंद असं लिहून दिलं. बाबा म्हणतात स्टिरॉइड असं एकदम बंद करतच नाहीत, हे डॉक्टर नवीन आहेत, त्यांना माहीत नसेल. आता ते उरलेल्या जुन्या गोळ्या काढून स्वतःच कमी करत घेणार म्हणतात. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्या जुन्या गोळ्या बाबांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलंय ते बरोबर आहे. आज जगभर अटॅकसाठी साधारण हाच हिशोब चालतो, ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ५ दिवस.

बाबांचं म्हणणं मात्र हवेतून आलेलं नाही, पूर्वी खरंच लांब कोर्स द्यायचे. १९९९ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात अटॅक येऊन ॲडमिट झालेल्या २७१ पेशंटपैकी काहींना ८ आठवडे स्टिरॉइड दिलं, काहींना २ आठवडे आणि काहींना अजिबात नाही. स्टिरॉइड घेणारे लवकर सुधारले हे दिसलं, पण ८ आठवडे घेऊन २ आठवड्यांपेक्षा जास्त काहीच मिळालं नाही. मग २०१३ मध्ये स्वित्झर्लंडचा अभ्यास आला, ३१४ पेशंट, निम्म्यांना ५ दिवस आणि निम्म्यांना १४ दिवस, डोस तोच ४० मिलिग्रॅम. पुढच्या सहा महिन्यांत परत अटॅक किती जणांना आला? ५ दिवसवाल्यांत १०० मागे साधारण ३६ आणि १४ दिवसवाल्यांत साधारण ३७. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. पण पोटात गेलेलं स्टिरॉइड निम्म्याहूनही कमी. त्यानंतर लांब कोर्स द्यायला कारणच उरलं नाही.

आता एकदम बंद करण्याबद्दल. आपल्या दोन्ही किडनीवर टोपीसारख्या ॲड्रिनल ग्रंथी असतात, त्या रोज शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून बरेच दिवस गोळ्या मिळत राहिल्या की या ग्रंथी काम कमी करतात आणि मग गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी खाली जाणं, प्रचंड थकवा, उलट्या असं होऊ शकतं. पण हे व्हायला वेळ लागतो, साधारण तीन आठवड्यांच्या वर गोळ्या चालू राहिल्या तर त्याची खरी काळजी. ५ दिवसांत ग्रंथी झोपत नाहीत, म्हणून उतरत्या डोसची गरज नाही. अपवाद दोन आहेत. एक म्हणजे जो माणूस आधीपासून महिनोन्महिने रोज थोडं स्टिरॉइड घेतोय आणि दुसरा म्हणजे ज्याचे कोर्स पाठोपाठ झालेत, एक संपला की दुसरा. बाबा यात बसत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

आणखी एक, कारण लोक इथे हमखास घाबरतात. गोळी घेतली की तासाभरात बरं वाटेल असं नसतं. अटॅकमध्ये श्वासनलीच्या आतल्या अस्तराला सूज येते, कफ वाढतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. पंपाने (इनहेलरने) किंवा नेब्युलायझरने (औषधाचा फवारा मास्कमधून देणाऱ्या मशीनने) आवळलेले स्नायू मिनिटांत सैल होतात, सूज मात्र तशीच राहते. स्टिरॉइड पेशीच्या आत जाऊन सूज वाढवणाऱ्या रसायनांची निर्मितीच कमी करतं, त्याला काही तास लागतात आणि माणसाला फरक जाणवायला एक-दोन दिवस. तोपर्यंत सगळा भार पंपावर असतो, म्हणून गोळ्या सुरू केल्या म्हणून पंप बंद असं अजिबात करू नका.

पाचव्या दिवशीही दम तसाच असेल तर कोर्स स्वतःहून लांबवायचा नाही, परत दाखवायचं. कारण मग प्रश्न स्टिरॉइड कमी पडलं का हा नसतो, दुसरं काही आहे का हा असतो. न्यूमोनिया, हार्टचं पंपिंग कमी पडणं, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं, हे सगळं वरून अगदी सीओपीडीच्या अटॅकसारखंच दिसतं.

प्रश्न: स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, मोतीबिंदू होतो असं सगळीकडे वाचलंय. आईला अटॅक आला तरी मी त्या गोळ्या देत नाही, फक्त पंपावर भागवतो. चुकतंय का?

उत्तर: तुम्ही वाचलेलं खरं आहे पण ते बहुतेक महिनोन्महिने घेणाऱ्यांबद्दल आहे. मध्यम किंवा जोराच्या अटॅकमध्ये गोळ्या टाळल्या तर आईचंच नुकसान होतं. फुफ्फुसाची ताकद उशिरा परत येते, ऑक्सिजन उशिरा सुधारतो, हॉस्पिटलमधला मुक्काम वाढतो. वर सांगितलेल्या १९९९ च्याच अभ्यासात पहिल्या महिन्यात उपचार फसण्याचं प्रमाण स्टिरॉइड न घेणाऱ्यांत १०० मागे ३३ होतं, घेणाऱ्यांत २३. हा काही चमत्कार नाही, शंभरात दहा माणसं. आणि सहा महिन्यांनी बघितलं तर तो फरकही उरला नव्हता. म्हणजे स्टिरॉइड हा त्या पंधरवड्यातून, त्या महिन्यातून बाहेर काढणारा उपचार आहे, आजार बरा करणारा नाही. पण ज्याला बोलताना वाक्य पुरं करता येत नाहीये त्याच्यासाठी तो पंधरवडाच सगळं असतो.

तुमच्या भीतीतला खरा भाग मी लपवणार नाही. छोट्या कोर्सलाही किंमत आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पंधरा लाखांवर लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडनंतरच्या महिनाभरात रक्तात जंतुसंसर्ग पसरणं, रक्ताच्या गुठळ्या आणि फ्रॅक्चर हे तिन्ही वाढलेलं दिसलं. एकेका माणसाला धोका छोटाच, पण वर्षात चार-पाच कोर्स झाले की बेरीज होत जाते. म्हणून आईच्या कोर्सची नोंद ठेवा, एका कागदावर तारीख, डोस, किती दिवस. वर्षात दोन कोर्स झाले की डॉक्टरांशी बोलायचं की अटॅक येऊच नयेत म्हणून आपण काय करतोय, आणि हाडांची तपासणी करायची का हेही त्याच वेळी विचारायचं.

प्रश्न: घरात प्रेडनिसोलोनची स्ट्रिप नेहमी असते. धाप लागली की मी दोन गोळ्या घेतो, बरं वाटलं की बंद. डॉक्टरकडे जायची वेळ येत नाही. हे चालेल ना?

उत्तर: नाही चालणार आणि मला तुमची खरंच काळजी वाटते. बरं वाटतं म्हणून तुम्हाला ते बरोबर वाटतंय, पण काय होतंय बघा. दोन दिवसांचा अर्धवट कोर्स, मग परत महिन्याने तीन दिवस, याची कुठेच नोंद नाही, कुठल्याच डॉक्टरला माहीत नाही की वर्षभरात तुम्ही एकूण किती स्टिरॉइड घेतलंत. स्टिरॉइडने भूक वाढते, अंगात तरतरी येते, मूड चांगला होतो, तेव्हा बरं वाटलं म्हणजे फुफ्फुस सुधारलं असं समजता येत नाही. ताप दबतो, त्यामुळे आत न्यूमोनिया चालू असला तरी दोन दिवस कळत नाही. आणि प्रत्येक धाप हा अटॅक नसतो, जिना चढल्यावर नेहमीसारखी लागणारी धाप वेगळी.

गोळ्या घरात ठेवणं हेच चूक आहे असं मी म्हणत नाही. बरेच डॉक्टर पेशंटला समजावून, लिहून, एक कोर्स घरी ठेवायला देतात, विशेषतः ज्यांना लगेच दवाखाना गाठता येत नाही त्यांना. पण त्या कागदावर लिहिलेलं असतं की नेमकं काय झालं तर सुरू करायचं, किती घ्यायचं, किती दिवस, आणि सुरू केल्यावर लगेच कळवायचं. तसा कागद तुमच्याकडे नसेल तर ती स्ट्रिप घेऊन डॉक्टरकडे जा आणि तो कागद लिहून मागा.

ओठ किंवा नखं निळसर होणं, माणूस असंबद्ध बोलणं किंवा सारखी पेंग येणं, दोन शब्द बोलायलाही थांबावं लागणं, यातलं काहीही असेल तर घरच्या गोळ्यांचा विचारच करायचा नाही, सरळ हॉस्पिटल. पेंग येतेय म्हणजे थकून झोप लागतेय असं घरच्यांना वाटतं, पण तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो. घरी ऑक्सिजन मशीन असेल तर फ्लो मनाने वाढवू नका, सीओपीडीत रक्तातलं ऑक्सिजन साधारण ८८ ते ९२ टक्के एवढंच गाठायचं असतं, १०० च्या मागे लागून फ्लो चढवला तर हाच साठा वाढतो.

प्रश्न: मला डायबेटीस आहे. मागच्या वेळी स्टिरॉइड चालू असताना सकाळची शुगर तर चांगली यायची, तरी दिवसभर तहान आणि सारखी लघवी. असं कसं?

उत्तर: कारण तुम्ही चुकीच्या वेळी मोजत होता. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की त्याचा शुगरवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी येतो, रात्रीतून ओसरतो, त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा फसवतो. कोर्स चालू असताना दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा, तिथे खरं चित्र दिसेल. औषध किंवा इन्सुलिन तेवढ्या दिवसांपुरतं वाढवावं लागेल का हे कोर्स सुरू करतानाच विचारून घ्या. आणि वाढवलं असेल तर गोळ्या थांबल्यावर ते परत खाली आणायचं असतं, हा भाग लोक विसरतात आणि मग शुगर एकदम खाली जाते. गोळी सकाळी, खाऊन झाल्यावर घ्या. संध्याकाळी घेतली तर झोपही उडते.

प्रश्न: स्टिरॉइडबरोबर दर वेळी अँटिबायोटिक पण देतात. दोन्ही लागतंच का?

उत्तर: दर वेळी नाही. बरेच अटॅक व्हायरसमुळे येतात, काही प्रदूषणाने, धुराने, आणि त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. १९८७ पासून डॉक्टर तीन गोष्टी बघतात, दम वाढलाय का, कफ वाढलाय का आणि कफ पुवासारखा झालाय का. तिन्ही असतील तर अँटिबायोटिकचा फायदा नक्की दिसतो, दोन असतील आणि त्यात एक पुवासारखा कफ असेल तरी देतात. व्हेंटिलेटर किंवा मास्कचं मशीन लावावं लागलं तर बहुतेक देतातच. तेही साधारण ५ दिवस.

म्हणून कफाचा रंग नीट बघायला शिका. पांढऱ्या टिश्यूवर थुंकायचं आणि उजेडात बघायचं, बेसिनमध्ये किंवा ट्यूबलाइटखाली नीट कळत नाही. हिरवा रंग जंतूंचा नसतो, तो आपल्याच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधल्या हिरवट एन्झाइमचा असतो, त्या पेशी ढिगाने आल्या की कफ हिरवा दिसतो. काहींचा कफ एरवीही जरा पिवळसरच असतो, त्यांनी बघायचं ते नेहमीपेक्षा बदल झालाय का. त्या टिश्यूचा मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरला दाखवलात तरी खूप मदत होते.

प्रश्न: गोळ्यांऐवजी स्टिरॉइडचा पंपच जास्त वेळा ओढला तर? किंवा सूज कमी करणारी साधी पेनकिलर?

उत्तर: पेनकिलर नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक सांध्याची सूज उतरवतात म्हणून श्वासनलीचीही उतरवतील असं वाटतं पण त्यांचा रस्ता वेगळा आहे, इथे उपयोग नाही, काही जणांचा दमा उलट भडकतो आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांबरोबर घेतल्या तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव व्हायची भीती वाढते. नेहमीचा स्टिरॉइड पंप चालू ठेवायचाच, फक्त मनाने डबल-तिबल ओढून गोळ्यांचं काम होत नाही. नेब्युलायझरमधून ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड देतात, ते काही पेशंटमध्ये गोळ्यांना पर्याय ठरतं, शुगर कमी वाढते, पण तिथे डोस पंपापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि ते डॉक्टरनेच ठरवायचं. स्टिरॉइडचा पंप असो की नेब्युलायझर, नंतर चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

प्रश्न: सासूबाईंना सारखे अटॅक येतात. रोज ५ मिलिग्रॅम स्टिरॉइड कायमचं चालू ठेवलं तर अटॅकच येणार नाहीत असं एकांनी सुचवलं.

उत्तर: नको. सीओपीडीत रोजच्या छोट्या डोसने फायदा दिसत नाही आणि हाडं, स्नायू, डोळे, शुगर सगळ्यावर परिणाम होतो. मांडीचे स्नायू कमजोर झाले की चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की दम अजून वाढतो, हे मी पेशंटमध्ये फार वेळा बघतो आणि वाईट वाटतं. सारखे अटॅक येत असतील तर आधी पंप ओढायची पद्धत कुणालातरी समोर बसून तपासायला लावा, यातच खूप काही सापडतं. सिगारेट चालू असेल तर बंद, कारण सिगारेटच्या धुराने स्टिरॉइडचा परिणामही बोथट होतो. फ्लू आणि न्यूमोनियाची लस. फुफ्फुसांसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम. त्याउपर रोफ्लुमिलास्ट नावाची गोळी आहे, कफवाल्या आणि फुफ्फुसाची ताकद निम्म्याखाली गेलेल्या पेशंटसाठी, तिने जुलाब होतात आणि वजन उतरतं. ॲझिथ्रोमायसिन छोट्या डोसमध्ये वर्षभर देतात, त्याआधी ईसीजी काढावा लागतो आणि ऐकू कमी येतंय का यावर लक्ष ठेवावं लागतं. आणि ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त आहेत त्यांच्यासाठी २०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेत ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन सीओपीडीत वापरायला मंजूर झालं. ही सगळी अटॅक टाळण्यासाठी, अटॅक चालू असताना द्यायची नाहीत.

प्रश्न: हे इओसिनोफिल काय प्रकरण आहे? अटॅकमध्ये स्टिरॉइडऐवजी एकच इंजेक्शन पुरतं असं वाचलं. वडिलांना मिळेल का?

उत्तर: चांगला प्रश्न विचारलात, कारण माझ्या मते या विषयात पुढचा सगळा बदल इथूनच येणार आहे. अटॅकमधली सूज सगळ्यांची एकसारखी नसते. काहींच्या सुजेत न्यूट्रोफिल जास्त, काहींच्यात इओसिनोफिल. स्टिरॉइड इओसिनोफिलवर जोरात चालतं, न्यूट्रोफिलवर फारसं नाही. म्हणून एकाला तीन दिवसांत उठून बसवणारी गोळी दुसऱ्याला फक्त शुगर देऊन जाते.

हे कळायला महागडी तपासणी लागत नाही, साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी पुरते. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा बघा, समजा ८,०००, आणि खाली इओसिनोफिलचे टक्के, समजा ४. ८,००० चे ४ टक्के म्हणजे ३२०. साधारण ३०० च्या वर असेल तर स्टिरॉइडचा चांगला फायदा होण्याची शक्यता जास्त, फारच कमी असेल तर फायदा कमी. डेन्मार्कमध्ये ॲडमिट पेशंटवर हे करून बघितलं, २०१९ मध्ये छापलं. पहिल्या दिवशी सगळ्यांना स्टिरॉइड, नंतर रोज रक्त बघून ज्यांचा आकडा ३०० च्या वर त्यांनाच पुढचा डोस. गोळ्यांचे दिवस ५ वरून २ वर आले आणि घरी जायला उशीर झाला नाही. रोजच्या प्रॅक्टिसमध्ये सगळीकडे अजून असं करत नाहीत, म्हणून रिपोर्ट बघून गोळ्या स्वतः थांबवू नका.

इंजेक्शन म्हणजे बेनरालिझुमॅब, ते इओसिनोफिलच नष्ट करतं. २०२४ मध्ये इंग्लंडमधला अभ्यास आला, दमा किंवा सीओपीडीचा अटॅक आलेले आणि इओसिनोफिल जास्त असलेले १५८ पेशंट. तीन महिन्यांत उपचार फसण्याचं प्रमाण फक्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत ७४ टक्के, इंजेक्शन मिळालेल्यांत ४५ टक्के. मला हे वाचून खरंच आनंद झाला, कारण अटॅकच्या वेळच्या सुजेवर आपण कित्येक वर्षं त्याच गोळ्या देत आलोय. पण पेशंट १५८ च, आणि त्यात दमा आणि सीओपीडी दोन्ही मिसळलेले, त्यामुळे अटॅकमध्ये नेहमीचा उपचार म्हणून ते अजून आलेलं नाही आणि वडिलांना आज तरी गोळ्याच मिळतील.

तुम्ही आत्ता करू शकता ते एवढंच, पुढच्या अटॅकला पहिली स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देण्याआधी सीबीसीचं रक्त काढून घ्यायला सांगा, कारण स्टिरॉइड गेलं की काही तासांत इओसिनोफिल खाली येतात आणि मग आकडा कामाचा राहत नाही. दम जास्त असेल तर मात्र रक्तासाठी उपचार थांबवायचे नाहीत. तो रिपोर्ट आणि बरं असतानाचा एक सीबीसी, दोन्ही फाइलला लावून ठेवा.